रेट्रो लूकची छोटी गाडी घ्यायचीय? आधी 'लूकचा हप्ता' वेगळा काढा

इन्स्टाग्राम उघडलं की दर चार-पाच रीलनंतर एखादी रेट्रो गाडी समोर येतेच. गोल हेडलाइट, क्रोमची बारीक पट्टी, क्रीम किंवा फिका हिरवा रंग आणि मागे एखादं जुनं गाणं. गाडी आजच्या काळातली, रूप मात्र साठ वर्षांपूर्वीचं. खाली कमेंटमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, 'केवढ्याला पडली?'

प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. गाडी केवढ्याला पडली यासोबत तिचं रूप केवढ्याला पडलं, हेही विचारायला हवं. बारामती तालुक्यातल्या सुप्यात राहून बारामती किंवा पुण्याला ये-जा करणाऱ्या आणि घरातली पहिलीच चारचाकी कर्जावर घेणाऱ्या माणसाला तर हा दुसरा प्रश्न टाळून चालणारच नाही. (पारनेर तालुक्यातलं, एमआयडीसीचं सुपे वेगळं. आपण बोलतोय ते मोरगाव-चौफुला रस्त्यावरच्या सुप्याबद्दल.)

या लेखाचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रेट्रो रूप आवडणं यात गैर काहीच नाही. पण त्या रूपासाठी जास्तीचे किती पैसे मोजतोय, ते कागदावर वेगळं लिहून काढा. तो आकडा बघूनही गाडी हवीशी वाटली तर बिनधास्त घ्या. आकडा बघून घाम फुटला, तर गाडी तुमच्यासाठी नाही, एवढंच समजा.

जुनी गाडी आणि रेट्रो गाडी यांत फरक काय?

जुनी गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. मूळ फियाटचं मॉडेल असल्यामुळे आपल्याकडे सगळे तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरांत ओळखीची झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. पद्मिनीचं इंजिन, ब्रेक, पत्रा सगळंच त्या काळातलं. ती घेणारा माणूस छंद म्हणून घेतो आणि तिच्यासोबत येणारा मेकॅनिकचा खर्च गृहीत धरतो.

रेट्रो गाडी वेगळी. तिच्यात यंत्रणा आजची असते आणि चेहरा जुन्या मॉडेलचा. एअरबॅग, एबीएस, एसी, पॉवर स्टिअरिंग हे सगळं असतं. म्हणून ती चालवायला आजच्या गाडीइतकीच सोपी असते आणि रोज वापरता येते.

या प्रकारातली सगळ्यात गाजलेली छोटी गाडी म्हणजे फियाट ५००. मूळ ५०० इटलीत ४ जुलै १९५७ ला आली. बरोबर ५० वर्षांनी, ४ जुलै २००७ ला त्याच नावाची आणि तशाच चेहऱ्याची नवी गाडी फियाटने आणली. मूळ गाडीचं इंजिन मागे होतं, हवेने थंड होणारं, २ सिलिंडरचं, ४७९ सीसीचं. गाडीची लांबी ३ मीटरपेक्षा थोडी कमी. नवीचं इंजिन पुढे, पाण्याने थंड होणारं, आणि लांबी ३,५४६ मिलिमीटर. नाव आणि चेहरा सोडला तर दोघींत सारखं असं फार काही उरलेलं नाही.

मूळ गाड्या शोभेच्या नव्हत्याच

रेट्रो गाड्यांच्या जाहिरातीत एक गोष्ट कधीच सांगितली जात नाही. ज्या गाड्यांची ही नक्कल आहे, त्या सगळ्या टंचाईतून जन्मलेल्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत लोकांकडे पैसा नव्हता, पेट्रोल महाग होतं आणि जुन्या शहरांच्या गल्ल्या अरुंद होत्या. स्कूटरवर नवरा-बायको आणि पोरं अशी सगळी वरात निघायची. या माणसाला डोक्यावर छप्पर असलेलं, चार चाकांचं काहीतरी परवडावं म्हणून दांते जाकोसा या इंजिनिअरने फियाट ५०० आखली. १९७५ पर्यंत अशा ३८ लाखांहून अधिक गाड्या बनल्या.

ब्रिटनमध्ये १९५६ च्या सुएझ संकटामुळे पेट्रोलची चणचण झाली. त्यातून कमी पेट्रोल पिणारी छोटी गाडी हवी म्हणून १९५९ मध्ये मिनी आली. जर्मनीच्या बीटलची कल्पनाच 'जनतेची गाडी' अशी होती, आणि फोक्सवॅगन या शब्दाचा अर्थही तोच.

म्हणजे गोलाकार पत्रा, छोटं इंजिन, दोनच दारं हे सगळं काटकसरीतून आलं होतं. पत्रा कमी लागावा, वजन कमी भरावं, किंमत खाली राहावी यासाठी ते होतं. आज आपल्याला जे 'क्यूट' वाटतं, ते त्या काळी हिशेबाचं गणित होतं. नव्या रेट्रो गाडीने तो आकार ठेवला आणि हिशेब मात्र काढून टाकला. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

भारतात काय झालं?

२००८ मध्ये फियाटने नवी ५०० भारतात आणली. ती पोलंडमधून तयार गाडी म्हणून यायची. तयार गाडीवरचं आयात शुल्क जबर, त्यामुळे किंमत गेली १५ लाखांच्या घरात. त्या काळात तेवढ्या पैशात दोन डिझेल स्विफ्ट आल्या असत्या. आणि गंमत म्हणजे इंजिनही एकाच घराण्याचं होतं, १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल. स्विफ्टमध्ये तेच, टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये तेच आणि इटलीच्या या देखण्या पाहुणीतही तेच.

हे मल्टिजेट इंजिन आपल्या पुणे जिल्ह्यातच, रांजणगावला फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतल्या कारखान्यात बनत होतं. म्हणजे सुप्याहून मोरगावचा मयूरेश्वर एका बाजूला आणि चौफुल्यावरून पुढे रांजणगावचा महागणपती दुसऱ्या बाजूला. अष्टविनायकाच्या या वाटेवर ज्या इंजिनाचा कारखाना, त्याच जातीच्या इंजिनाची गाडी पोलंडहून जहाजात बसून आली आणि तिप्पट भावाला विकायला ठेवली गेली. ती फारशी विकली गेली नाही. २०१५ मध्ये तिचीच वेगवान आवृत्ती अबार्थ ५९५ या नावाने आली, तेव्हा किंमत ३० लाखांच्या जवळ होती. बीटलही २००९ मध्ये आली ती २० लाखांच्या पुढे. काही वर्षांत या सगळ्या यादीतून गेल्या. फियाटने तर २०१९ च्या सुमारास भारतात आपल्या नावाच्या गाड्या विकणंच थांबवलं.

आता या चित्राशेजारी दुसरं चित्र ठेवा. फियाटची भागीदार असलेल्या टाटाने २००९ मध्ये नॅनो आणली. २ सिलिंडर, इंजिन मागे, लांबी ३.१ मीटर, स्कूटरवर चौघं बसणाऱ्या कुटुंबासाठी, किंमत १ लाखापासून. १९५७ च्या ५०० चं वर्णन वर वाचलंत ना, ते पुन्हा एकदा वाचा. स्कूटरवरचं कुटुंब, मागचं छोटं इंजिन, कमीत कमी पत्रा, कमीत कमी किंमत. सगळं जुळतं.

मूळ फियाट ५०० ची खरी वारसदार आपल्याकडे आली होती, आणि ती पुणे जिल्ह्यातल्या इंजिनिअरांच्या हातून घडली होती. तिला आपण काय म्हटलं? 'गरिबाची गाडी.' लग्नाच्या मांडवासमोर ती उभी करायला माणसं लाजली. नॅनोचे इतरही प्रश्न होते. सिंगूरहून साणंदला कारखाना हलवण्यात वेळ गेला, सुरुवातीला काही गाड्या पेटल्याच्या बातम्या आल्या, आणि 'सगळ्यात स्वस्त' हीच जाहिरात तिच्या अंगावर उलटली. २०१८ मध्ये तिचं उत्पादन जवळपास थांबलं.

माझं मत असं की, या दोन गाड्यांची गोष्ट एकत्र वाचली तर आपल्या खरेदीतला गोंधळ स्पष्ट दिसतो. काटकसरीची गाडी आपल्याला नको असते. काटकसरीच्या गाडीसारखी दिसणारी महागडी गाडी मात्र हवी असते. यात दोष कुणा एकाचा नाही. गाडी ही गावात अजूनही प्रतिष्ठेची वस्तू आहे, आणि पाहुण्यांच्या नजरेचा हिशेब प्रत्येक घर करतंच. पण तो हिशेब करतोय हे स्वतःशी कबूल केलं, तर निदान हप्ता भरताना आश्चर्य वाटणार नाही.

बारामतीतच एक जिवंत उदाहरण आहे

रूप आणि उपयोग यांतला फरक बघायला इटलीला जायची गरज नाही. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. तिथे दोन इटालियन नावं एकाच आवारात बनतात.

पहिलं नाव ॲपे. आपल्याकडे तीनचाकीला सगळे 'ॲपे रिक्षा' म्हणूनच ओळखतात. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ मधमाशी. दुसरं नाव व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. व्हेस्पा इटलीत १९४६ मध्ये आली, कोराडिनो दास्कानिओ नावाच्या विमान-हेलिकॉप्टरवाल्या इंजिनिअरने ती आखली. पुढे दोन वर्षांनी त्याच व्हेस्पाच्या मागे हौदा लावून ॲपे तयार झाली. दोघीही युद्धानंतरच्या गरिबीच्या लेकी.

बारामतीत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ॲपे बनू लागली. एप्रिल २०१२ मध्ये तिथेच व्हेस्पा सुरू झाली, तेव्हा १२५ सीसीच्या स्कूटरची महाराष्ट्रातली एक्स-शोरूम किंमत होती ६६,६६१ रुपये. त्या वेळच्या नेहमीच्या स्कूटरपेक्षा ती चांगलीच महाग होती. पत्र्याची बॉडी, जुनं देखणं रूप, इटालियन नाव यांचे ते पैसे होते.

आज सुप्याच्या चौकात उभं राहिलात तर काय दिसतं? भाजीची, दुधाची, प्रवाशांची ॲपे सारखी ये-जा करते. व्हेस्पा एखादीच दिसते. कारखाना तोच, तालुका तोच. एकीने उपयोगाचे पैसे घेतले, दुसरीने रूपाचे. गावाने कुणाला किती जागा दिली ते रस्त्यावर दिसतं.

याचा अर्थ रेट्रो रूप आपल्याकडे चालतच नाही, असा नाही. बजाजने चेतक हे नाव परत आणलं ते इलेक्ट्रिक स्कूटरवर. जानेवारी २०२० मध्ये पुणे आणि बंगळुरूत ती आली, किंमत १ लाखापासून. रूप जुनं, गोल, पत्र्याचं. पुढे कंपनीने विक्रीची जागा वाढवली, स्वस्त मॉडेल काढली, आणि आज विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या यादीत चेतक वरच्या नावांमध्ये असते. रूप जुनं ठेवूनही भाव बाजाराच्या जवळ ठेवला आणि सर्व्हिस जवळ आणली, तर लोक घेतात. व्हेस्पा आणि चेतक यांच्यातला फरक एवढाच आहे, आणि गाडी घेताना तपासायचं तेही एवढंच आहे.

सुप्याच्या रस्त्यावर अशी गाडी कशी चालेल?

छोटी रेट्रो गाडी शहराच्या वापरासाठी आखलेली असते. पुण्यातल्या पेठांमध्ये ती खरोखर सुखाची. पार्किंगला जागा कमी लागते, वळायला सोपी, सिग्नलच्या गर्दीत हलकी. सुरक्षेतही ती कमी नसते. नव्या फियाट ५०० ला २००७ च्या युरो एनकॅप चाचणीत ५ स्टार मिळाले होते. 'छोटी म्हणजे पत्र्याचा डबा' हा समज सगळ्याच गाड्यांना लागू होत नाही.

पण आपल्या भागातला वापर वेगळा आहे, म्हणून चार गोष्टी बघा.

पहिली, दारं. फियाट ५००, बीटल, तीन दारी मिनी या सगळ्यांना बाजूला दोनच दारं. मागे बसायचं तर पुढची सीट पाडून आत शिरायचं. एकट्याने ऑफिसला जाणाऱ्याला काही फरक पडत नाही. पण सुप्यात गाडी एकट्याची नसते. आजीला बारामतीच्या दवाखान्यात न्यायचं असतं, सोमवती अमावस्येला घरच्यांना जेजुरीला न्यायचं असतं, लग्नसराईत तीन गावं करायची असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मागच्या सीटवर बसवून बघा, मग ठरवा.

दुसरी, छत. जुना गोल आकार ठेवला की छत मागे उतरतं. मागे बसणाऱ्याचं डोकं टेकतं आणि मागची काच लहान होते. मागचे खांब जाड असल्यामुळे ओव्हरटेक करताना तिरकं मागचं दिसत नाही. चौफुल्याहून सोलापूर हायवेला लागताना हा कोपरा महत्त्वाचा ठरतो.

तिसरी, टायर. देखण्या गाडीला मोठी ॲलॉय व्हील आणि बारीक रबर देतात. टायरवरचा आकडा वाचायला शिका. १८५/५५ लिहिलं असेल तर टायरची रुंदी १८५ मिलिमीटर आणि रबराची उंची त्याच्या ५५ टक्के, म्हणजे १०२ मिलिमीटर. अल्टो के१० चा टायर १४५/८०, म्हणजे रबराची उंची ११६ मिलिमीटर. दीड सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण खड्ड्याचा दणका आधी रबर खातं, मग रिम. रबर जितकं कमी, तितकी रिम वाकण्याची शक्यता जास्त.

चौथी, हंगाम. ऊस तोडणी सुरू झाली की सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांनी बारामती-इंदापूरचे रस्ते भरतात. रात्री कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. अशा वेळी हेडलाइटचा प्रकाश किती लांब पडतो आणि ब्रेक किती नेमका लागतो, यावर जीव अवलंबून असतो. हेडलाइट गोल आहे की चौकोनी याला तिथे काही अर्थ नाही. टेस्ट ड्राइव्ह घ्यायची तर रात्रीची, आणि शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता तुमच्या रोजच्या रस्त्यावर घ्या.

आणखी एक तुलना. नव्या फियाट ५०० ची लांबी ३,५४६ मिलिमीटर, अल्टो के१० ची ३,५३०. फरक फक्त १६ मिलिमीटरचा, करंगळीच्या रुंदीएवढा. पार्किंगला दोघी तेवढीच जागा घेतात. अल्टोला मात्र बाजूला चार दारं आहेत.

सेकंड-हँड घेतली तर?

इथेच खरी फसगत होते. पुण्या-मुंबईत जुनी फियाट ५०० किंवा बीटल विकायला येते आणि किंमत ऐकून वाटतं, नव्या हॅचबॅकच्या पैशात इटालियन गाडी! सौदा करण्याआधी तीन खर्च बघा.

नोंदणीचा खर्च: खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासून ती पुढे वाढवावी लागते. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या साध्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं, आणि आयात केलेल्या चारचाकीचं ४०,००० रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी हेच आकडे दुप्पट, म्हणजे १०,००० आणि ८०,००० केले गेले. २००८ ची फियाट ५०० म्हणजे १५ वर्षं २०२३ मध्येच संपली. आरसीवरची तारीख आणि गाडी आयात केलेली आहे का, ही दोन गोष्टींची खात्री बारामतीच्या आरटीओत एमएच-४२ चा नंबर घेण्याआधी करा, नंतर नको.

पार्टचा खर्च: मल्टिजेट इंजिनाचे पार्ट देशभर मिळतात, ते जाणणारे मेकॅनिकही गावोगाव आहेत. त्यामुळे विकणारा म्हणतो, 'इंजिन स्विफ्टचंच आहे, काळजी कशाला?' अर्धं खरं आहे. इंजिन ओळखीचं आहे, पण दाराची काच, हेडलाइट, बंपर, आरसा हे सगळं फक्त त्याच गाडीचं आहे. आणि रस्त्यावर आधी तुटतं ते हेच. ज्या रूपासाठी गाडी घेतली, त्याच रूपाचे पार्ट मिळत नाहीत, अशी ही अडचण आहे. अशा गाड्यांची अधिकृत सर्व्हिस शोधायची तर सुप्याहून ६०-७० किलोमीटरवर पुणे गाठावं लागतं.

विम्याचा खर्च: साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर क्लेम देताना ५० टक्के घसारा कापतात. बंपर आणि हेडलाइट प्लास्टिकचेच. झिरो डेप्रिसिएशन घेतलं तर हा फटका टळतो, पण जुन्या गाडीला ते कवच बहुतेक कंपन्या देत नाहीत. म्हणजे महागड्या, आयात केलेल्या हेडलाइटचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून.

साध्या गाडीलाच रेट्रो रूप दिलं तर?

हाही मार्ग हल्ली रील्समध्ये दिसतो. साधी हॅचबॅक घ्यायची, रंग बदलायचा, गोल दिवे आणि क्रोम बसवायचं. रंग बदलायला कायद्याने मनाई नाही, पण आरसीवर रंगाची नोंद असते आणि बदल आरटीओत नोंदवावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंद असलेल्या तपशिलाच्या विरुद्ध जाणारे बदल गाडीत करता येत नाहीत. दिवे, सायलेन्सर, बॉडी कापून केलेले बदल यात अडकू शकतात. वायरिंग कापून बसवलेल्या दिव्यांमुळे वॉरंटी आणि विमा दोन्ही अडचणीत येतात. सीट कव्हर, व्हील कॅप, नोंद करून केलेला रंग इथपर्यंत थांबलात तर हौसही भागते आणि खर्चही आटोक्यात राहतो.

'लूकचा हप्ता' कसा काढायचा?

आता मुख्य मुद्दा. तुम्हाला आवडलेली रेट्रो गाडी एका बाजूला ठेवा. तेवढीच माणसं, तेवढंच सामान, तेवढ्याच मायलेजने नेणारी साधी गाडी दुसऱ्या बाजूला ठेवा. दोन्हींच्या ऑन-रोड किमतीतला फरक म्हणजे रूपाची किंमत.

समजा फरक ३ लाखांचा आहे. ९ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी या ३ लाखांचा हप्ता होतो सुमारे ६,२२७ रुपये. पाच वर्षांत एकूण भरले जातात जवळपास ३ लाख ७४ हजार. हा तुमचा 'लूकचा हप्ता'. दर महिन्याला गाडी रूपवान दिसावी म्हणून तुम्ही एवढे मोजणार. पेट्रोल, सर्व्हिस, विमा वेगळाच.

विक्रेता लगेच म्हणेल, 'मुदत वाढवू, हप्ता खाली येईल.' तोही हिशेब बघा. ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १६,६०० आणि एकूण व्याज जवळपास १ लाख ९६ हजार. तेच ७ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,९०० च्या आत येतो, पण व्याज जातं २ लाख ८१ हजारांवर. हप्ता कमी झाला, गाडी महाग झाली.

आणि जिरायती भागातल्या घराला दर महिन्याचा ठरलेला हप्ता म्हणजे काय, हे सुपे-मोरगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पाऊस लांबला, जनाई-शिरसाईचं आवर्तन पुढे गेलं, तरी बँकेची तारीख पुढे जात नाही. पगारावर चालणारं घर आणि शेतीवर चालणारं घर यांनी एकच हप्ता घेऊ नये.

एक चांगली बातमीही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल कारवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. इलेक्ट्रिक गाड्यांवर ५ टक्केच आहे. छोट्या गाडीचा काळ संपला असं म्हणता म्हणता सरकारने तिला थोडा श्वास दिला. कंपन्यांनी या वाचलेल्या पैशात इथेच बनलेली, इथल्या रस्त्याला जमणारी, चार दारांची आणि देखणी छोटी गाडी द्यावी, ही मागणी आपण करायला हवी. देखणेपणा ही श्रीमंतांचीच मक्तेदारी का असावी? १९५७ ची ५०० देखणी होती आणि स्वस्तही होती.

चावी घेण्याआधी पाच प्रश्न

१. मागच्या सीटवर घरातला सगळ्यात वयस्कर माणूस दोन मिनिटांत बसतो आणि उतरतो का?

२. अधिकृत सर्व्हिस सेंटर घरापासून किती किलोमीटरवर आहे? गाडी बंद पडली तर टो करून कुठे न्यायची?

३. हेडलाइट, पुढची काच आणि बंपर यांची किंमत काय आणि किती दिवसांत मिळतात? हे तोंडी न विचारता लेखी घ्या.

४. पाच वर्षांनी ही गाडी बारामतीत कोण विकत घेईल? गिऱ्हाईक फक्त पुण्या-मुंबईत असेल तर भाव तेच ठरवणार.

५. लूकचा हप्ता किती? आणि तो भरताना घरातला दुसरा कुठला खर्च मागे पडणार आहे?

या पाचही प्रश्नांची उत्तरं समाधानकारक असतील, तर रेट्रो गाडी घ्या आणि मजेत चालवा. माणूस फक्त गरजेवर जगत नाही. सकाळी दार उघडल्यावर अंगणात उभी असलेली गोल डोळ्यांची गाडी बघून रोज आनंद होणार असेल, तर त्या आनंदालाही किंमत असते आणि ती मोजायला हरकत नाही. फक्त ती किंमत तुम्ही ठरवलेली असावी, शोरूमने किंवा रीलने ठरवलेली नसावी. कागद घ्या, दोन रकाने आखा आणि आजच ती वजाबाकी करून बघा.